गिऱ्हाईक पलीकडच्या तालुक्यात

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखिका सलग तीन दिवस गप्प बसली. आजारपण नव्हतं, घशाचं ऑपरेशन नव्हतं, कुणाशी अबोला नव्हता. ती पूर्ण शुद्धीवर होती, आसपास माणसं होती, चहा होता, विषय होता, आणि तरीही ती बोलली नाही. या घटनेची नोंद आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात व्हावी असा ठराव मी स्वतःच मांडला आहे. अनुमोदन अजून मिळायचं आहे.

या चमत्काराचं कारण माझी भाची, मुक्ता. ती वन्यप्राण्यांच्या चोरट्या व्यापाराचा अभ्यास करते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बंदरं, गोदामं, खोट्या मिशा असं बरंच काही आलं होतं. प्रत्यक्षात हा अभ्यास म्हणजे कडुनिंबाखाली बसून माणसांना तेच तेच सात प्रश्न विचारणे आणि उत्तरं वहीत उतरवणे. खोट्या मिशांचा संबंध कुठेच येत नाही. मी विचारून पाहिलं.

या खेपेचा विषय होता मांडूळ. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: मांडूळ हा बिनविषारी, जाडसर, आळशी असा मातीत राहणारा साप. उंदीर खातो आणि पडून राहतो. त्याचं शेपूट तोंडासारखंच बोथट असतं, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात. या एका शेपटापायी बिचाऱ्याच्या मागे जग लागलं आहे. गुप्तधन दाखवतो म्हणे, न बरे होणारे रोग बरे करतो म्हणे, परदेशात कोटींना जातो म्हणे. त्याला पकडणं, बाळगणं, विकणं हे सगळंच गुन्हा आहे. तरी लोक बांध उकरत हिंडतात.

म्हणून शिरूर आणि दौंड तालुक्यांत जनजागृतीचे काही नमुन्याचे फलक लावले गेले होते. तसेच फलक आता दोन्ही तालुक्यांत गावोगाव लावायचे की नाहीत, हे शुक्रवारच्या बैठकीत ठरायचं होतं, आणि त्या बैठकीत मुक्ता आपला अहवाल मांडणार होती. आयुष्यातला पहिला. शेवटच्या काही मुलाखती राहिल्या होत्या, तिचा नेहमीचा ड्रायव्हर भावाच्या लग्नाला गेला होता, आणि मला गाडी चालवता येते.

"मावशी, एकच अट," ती म्हणाली. "तू गाडी चालवायची. तोंड नाही."

"म्हणजे काय?"

"आपण आधी काही बोललो की समोरचा माणूस तेच आपल्याला परत देतो. तू नुसता किमतीचा विषय काढलास तरी माझी मुलाखत वाया गेली. पूर्ण गप्प. जमेल?"

हौशी रंगभूमीवर मी राणी झाले आहे, मोलकरीण झाले आहे, सासू तर इतक्यांदा झाले की घरीही तीच सवय लागली. एकदा पुरुष कमी पडले म्हणून फौजदारही झाले. मुकी मात्र कधी झाले नव्हते. मी भूमिका स्वीकारली, आणि काळा चष्मा घातला. शब्द नसले की नटाला हाताशी एखादी वस्तू लागते.

बुधवार : रांजणगाव, शिरूर

कोरेगाव भीमाला वडापाव खाल्ला (मिरची तिखट, मी गप्प) आणि रांजणगावला पोचलो तेव्हा शिफ्ट सुटत होती. कंपन्यांच्या बसगाड्या रांगेने बाहेर पडत होत्या आणि मधल्या फटींतून दुचाक्या वाट काढत होत्या. चहाच्या टपरीवर मुक्ताने वही उघडली. मशीनवर काम करणारा एक गडी लगेच खुलला.

"मांडूळ व्हय? ऐकलंय ना. लय पैसा हाय त्यात. पर गिऱ्हाईक हितलं न्हाई. दौंडकडलं हाय."

"तुम्ही भेटलात त्याला?"

"मी न्हाई. आमच्या लाईनीवर एकजण हाय, त्याचा मेव्हणा भेटलाय."

तो मेव्हणा दोन टेबलं सोडून बसलेला निघाला. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी कुठला भेटतोय? ह्यानंच मला सांगितलं!" दोघांची तिथेच जुंपली. तेवढ्यात उत्तर प्रदेशातून आलेला एक कामगार ग्लास खाली ठेवत म्हणाला, "मैडम, हमारे गाँव में तो बोलते हैं कि ये सब महाराष्ट्र में बिकता है।"

मुक्ताकडे एक नकाशा असतो. कुणी म्हणालं की गिऱ्हाईक अमुक ठिकाणी आहे, की ती त्या माणसाच्या गावापासून त्या ठिकाणापर्यंत एक बाण काढते. शिरूर तालुक्यातले झाडून सगळे बाण दौंडकडे निघाले होते. उत्तर प्रदेशासाठी कागद पुरला नाही.

शिरूरला आम्ही बबन पेंटरच्या दुकानात गेलो. नमुन्याचे सगळे फलक यांनीच रंगवलेले, आणि शुक्रवारच्या बैठकीत दाखवायचा नवा कोरा फलकही त्यांच्याच हातून उतरत होता. माणूस पन्नाशीचा, पातळ मिशीचा, शर्टावर सगळे ऋतू सांडलेले. फलक पिवळाधमक, अक्षरं लाल. वर ठळक लिहिलेलं, की मांडूळ पकडणे गुन्हा आहे. मधे साप, आणि सापाच्या दोन्ही टोकांना पापण्यांसकट डोळे. शेपटाकडचा चेहरा किंचित हसत होता. आणि खाली, भाकरीएवढ्या अक्षरांत, बाजारात या सापाची किंमत किती मानली जाते त्याचा आकडा.

तो आकडा मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

"आकडा एवढा मोठा का काढलात?" मुक्ताने विचारलं.

"ते वरनंच आलंय, मॅडम. सायेब म्हणले, गुन्हा किती मोठा हाय ते लोकांच्या डोळ्यात भरलं पायजे. म्या भरवलं. यष्टीत बसून बी वाचता येतंय."

"लोक काय म्हणतात?"

"लोकं फोटू काढत्यात की! न्हावऱ्याच्या वाटंला फाट्यावर एक पाटी हाय आपली. तिथं गाड्या थांबत्यात. आजवर दुकानाच्या पाट्या केल्या, दवाखान्याच्या केल्या, पर एवढं कवतिक कंच्याच पाटीचं झालं न्हाई."

"तुम्ही कधी शोधलंत का मांडूळ?"

बबनरावांनी ब्रश कानावर खोचला. "छ्या, छ्या! आपण कलावंत माणूस."

मी दुकान न्याहाळत होते. ब्रशांचे दांडे, रंगाचे डबे, शिडी, बसायचं स्टूल, सगळ्यांना पिवळा-लाल, पिवळा-लाल असे पट्टे मारलेले. इतके देखणे की शिडीलासुद्धा नटल्यासारखं वाटत असावं. मुक्तालाही राहवलं नाही, तिने विचारलं.

"वळख हाय ती, मॅडम. उसनी नेलेली वस्तू लोकं इसरत्यात. पट्टा दिसला की मी माझी वस्तू कुठंबी वळखतो."

बाहेर येऊन मी गाडीत बसले. मोटारसायकलवरचा एक गृहस्थ खिडकीशी येऊन अदबीने म्हणाला, "मॅडम, काय घ्यायला आलाय शिरूरला?" मी बोलायचं नव्हतं. म्हणून सावकाश चष्मा काढला, त्याच्याकडे पाहून मंद हसले, आणि चष्मा पुन्हा लावला. त्याने सगळं उमजल्यासारखी मान हलवली, किक मारली आणि निघून गेला. यात माझं काय चुकलं?

गुरुवार, सकाळ : फाट्यावरचा बांध

न्हावऱ्याच्या रस्त्याला, फाट्यावर ती कौतुकाची पाटी होती. दोन इसम तिच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते. पाटीच्या मागे कांद्याचं रान, आणि रानाच्या कडेचा बांध कुणी दातांनी तोडून खाल्ल्यासारखा जागोजाग खणलेला.

रान बिरू आबांचं. घराणं धनगरांचं, वडिलांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन हिंडणारं, आता इथे स्थिरावलेलं. पागोटं, कानात बाळी, आणि नजर अशी की आपण काय विचारणार आहोत ते आधीच ऐकून बसलेत.

"तू पाटीवाल्यांची का गं?" त्यांनी मुक्ताला विचारलं.

"नाही आबा. पाटीचा लोकांवर काय परिणाम होतो, त्याचा अभ्यास करते."

"मग लौकर कर. तुझा अभ्यास हुईस्तवर माझा बांध ऱ्हायचा न्हाई."

त्यांनी आम्हाला बांधावरून फिरवलं. "मेंढरं हुती तवा ल्हानपणी बाबांसंगं समदा मुलूख पायाखाली घातला. जिथं बसू तिथं ह्ये भेटायचं. हात कुणी लावत नव्हतं. मंग आम्ही रान धरून बसलो, तर ह्ये बी आमच्यागत हितं येऊन बसलं. आम्ही त्याला म्हातारं म्हंतो. उंदरं खातं, कुणाच्या अध्यात न्हाई. पाटी लागायच्या आधी ह्या वाटंला कुणाला ठावंबी नव्हतं, का ह्याला भाव असतो."

"आणि आता?"

"आता मानसं पाटी वाचत्यात, मंग बांध बघत्यात. मी बाजारच्या दिशी शिरूरला गेलो का आले खणाय." आबांनी एका खिंडाराकडे काठी दाखवली. "कांद्याला पाणी सोडलं का ह्यातनं समदं पलीकडं. शेजारी म्हंतो, माझा गहू बुडीवला. तीस वर्सं एका ताटात जेवलो आम्ही. आता रामराम घेईना."

"म्हातारं दिसतं का अजून?"

"दिवाळीपसनं न्हाई दिसलं." आबांनी काठीने एक ढेकूळ खिंडारात ढकललं. "गेलं आसंल लांब. न्हाईतर नेलं आसंल कुणी." मग मुक्ताकडे वळून म्हणाले, "पोरी, तेवढी पाटी काढाय सांग. तुमी म्हंता तशा गावोगाव लागल्या तर बांधच ऱ्हायचे न्हाईत कुणाचे. बाकी मला कायबी नको."

घरात त्यांच्या बायकोने, जनाईंनी, हुलग्याची शेंगोळी वाढली. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला विचारतात, "वाढू का अजून?" इथे तो प्रश्न वाढून झाल्यावर विचारतात. शेंगोळ्या लसणाने घमघमत होत्या, सोबत बाजरीची भाकरी आणि ठेचा. मी गप्प राहून खाल्लं तर जनाईंना माझी दया आली.

"ह्या बाईंच्या घशाचं काय हाय का?"

"नाही हो," मुक्ता म्हणाली, "तिला मीच गप्प बसायला सांगितलंय."

"आन् बसल्या?" जनाईंनी आबांकडे पाहिलं. "आमच्या ह्यांस्नी बी सांगा की."

जेवणं संपत आली तेव्हा आबांनी कोपऱ्यातून एक कुदळ आणली. "ह्यो एक पुरावा. परवाच्याला मी बाजारातनं लौकर परतलो, तर कुणीतरी बांधावरनं पळालं. कुदळ तशीच ऱ्हायली."

कुदळीच्या दांड्यावर पट्टे होते. पिवळा-लाल, पिवळा-लाल. अतिशय देखणे.

माझ्या घशात ठेचा अडकला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, जनाई पाठ थोपटताहेत, मुक्ता तांब्या पुढे करतेय आणि मी कुदळीकडे बोट दाखवतेय. बोलायची बंदी नसती तरी तेव्हा बोलता आलं नसतं.

"कुणी हौशी मानूस दिसतोय," आबा दांड्यावरून बोट फिरवत म्हणाले. दांडा सैल झाला होता तो त्यांनी घट्ट करून ठेवला होता, पातं धुऊन पुसून.

"पोलिसांत नाही दिलीत?" मुक्ताने विचारलं.

"कशापायी? कुणाच्या तरी कामाची वस्तू हाय. त्याचंबी अडलं आसंल हिच्याबिगर." आणि आबांनी ती कुदळ चक्क माझ्या हातात दिली. "बाई, तुमची गाडी चार गावं हिंडतीया. ज्याची आसंल त्याला द्या. आन् म्हनावं, बांध भरून दे."

गाडीत बसून काच वर केल्याबरोबर मी दीड दिवसाचं साठलेलं एका दमात सोडलं. "मुक्ते! पट्टे! बबनराव! कलावंत माणूस! छ्या, छ्या!"

"पाहिलं मी."

"अगं, तुझा सगळा अहवाल या एका कुदळीत आहे! ज्याने पाटी रंगवली तोच आपली पाटी वाचून खणायला गेला. उद्या बैठकीत सांग, संपला विषय."

"नाव घ्यायचं नाही, मावशी."

"का?"

"कारण प्रत्येकाला मी शब्द दिलाय, की नाव कुठेही येणार नाही. बबनरावांनाही दिलाय. एकाचं नाव फुटलं की पुढच्या गावात माझ्याशी कुणी खरं बोलणार नाही. आणि लोक काय करतात ते खरं कळलं नाही, की वर बसलेले अंदाजाने ठरवतात. ही पाटी तशीच ठरली. कुणी वाईट हेतूने नाही लावली. कुणी विचारलंच नाही, की वाचणारा काय वाचतोय."

मी गाडी सुरू केली. काही वेळा ही पोरगी माझ्या बहिणीसारखी दिसते आणि मला तिच्यासमोर उगाच सरळ बसावंसं वाटतं.

"मग कुदळीचं काय करू?"

"आबांनी तुला दिलीय. ज्याची आहे त्याला दे. पण बाजूला घेऊन, चारचौघांत नाही."

गुरुवार, दुपार : भीमेच्या पलीकडे

पारगावला भीमा ओलांडली की ऊस सुरू होतो आणि संपतच नाही. उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत आम्ही केडगावच्या बाजूला एका गुऱ्हाळावर पोचलो. गुऱ्हाळाचे मालक, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, त्यांनी काहिलीतला कोमट गूळ उलथण्यावर घेऊन आधी आमच्या हातावर ठेवला आणि मग नाव विचारलं. शहरात याच्या नेमकं उलट चालतं. गूळ असा होता की मी मनातल्या मनात दौंड तालुक्याला जमीन-जुमल्यासकट शरण गेले. त्या भरात माझी ओढणी काकवीच्या डब्यात बुडाली. दौऱ्यातला हा एकमेव अपघात, आणि पुढे दोन दिवस मुंग्यांनी मला फार माया लावली.

मुक्ताने वही काढली. मांडूळ माहीत आहे का, कुठे ऐकलं, कोण घेतं?

"गिऱ्हाईक व्हय?" आप्पा आवाज खाली आणत म्हणाले. "हितं न्हाई. शिरूरला उतरलंय."

मुक्ताने बाण काढायला सुरुवात केली. दौंडकडचे बाण शिरूरकडे जाणार याची तिला कल्पना होतीच. "कोण आहे काही कळलं?"

"बाई हाय. पांढरी गाडी. डोळ्याला काळा चष्मा. लय मोठी पार्टी आसनार, कारन तोंडातनं शबूद काढत न्हाई. बोलाय म्हनं संगं एक पोरगी ठिवलीया. ती समदं वहीत लिवून घेती."

मुक्ताचं पेन जागेवर थांबलं. आप्पांनी पेनाकडे पाहिलं. मग वहीकडे, मग झाडाखालच्या पांढऱ्या गाडीकडे. आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे. तोंडात गूळ, नाकावर काळा चष्मा.

"आत्ता!" आप्पा म्हणाले.

मी चष्मा काढला. पुढचा अर्धा तास मुक्ता आपलं ओळखपत्र, पत्रं आणि शपथा आप्पांपुढे मांडत होती. आप्पांनी सगळं पाहिलं, "बराबर, बराबर" म्हणाले, आम्हाला भेलीभर गूळ बांधून दिला, आणि गाडी निघताना खिडकीशी वाकून मला हळूच म्हणाले, "बाई, मला खरं सांगा. मी कुनाला बोलत न्हाई."

मुक्ता बराच वेळ हसली नाही. नंतर इतकी हसली की चौफुल्याला तमाशाच्या थिएटरांच्या पाट्या लागल्या तिथे मी गाडी हळू केली, ते तिच्या लक्षातही आलं नाही. (आलं. "मावशी, नाही," एवढंच म्हणाली.) मग तिने नकाशावर तो बाण पुरा केला. इतक्या महिन्यांतला हा पहिलाच बाण, जो एका खऱ्याखुऱ्या माणसापर्यंत पोचला, आणि तो माणूस मी. एक बाई एका दिवशी चष्मा काढून हसते, दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे ती कोट्यवधींची पार्टी झालेली असते. मुक्ताच्या अहवालात तळटिपेत मी आहे: 'मौन बाळगणारी एक त्रयस्थ व्यक्ती'. मी ते पान कापून फ्रेम करणार आहे.

कुरकुंभला केमिकलच्या वासात, कंपनीच्या गेटवरच्या वॉचमननेही शिरूरचंच नाव घेतलं. दौंडला स्टेशनाबाहेर भेळ खाता खाता एकाने घेतलं. संध्याकाळपर्यंत नकाशा पुरा झाला. शिरूरचे बाण दौंडला, दौंडचे बाण शिरूरला, आणि मध्ये भीमा वाहते आहे. कुणीही गिऱ्हाईक पाहिलेलं नाही. सगळ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी दोनच: कुठे साप जप्त झाला की वर्तमानपत्रात छापून येणारी किंमत, आणि बबनरावांची पाटी.

शुक्रवार : बैठक

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना निकालाशीच मतलब आहे ते उठून चहा टाकू शकतील.

फलकांवरचा आकडा गेला. फाट्यावरची पाटी त्याच आठवड्यात उतरली. साप जप्त झाल्यावर वर्तमानपत्रांना जे पत्रक देतात त्यातही आता किंमत घालायची नाही असं ठरलं. मुक्ताच्या अहवालातली ही शिफारस जशीच्या तशी उचलली, एक स्वल्पविराम सोडून. नवे फलक बबनरावच रंगवताहेत. त्यात मांडूळ शेतातला उंदीर खातंय, आणि डोळे फक्त एका बाजूला आहेत. बबनरावांना ते जरा सुनं वाटतं. आबांचा बांध एका माणसाने एकट्याने राबून भरून दिला, आणि राबला तितके दिवस जनाईंच्या हातची शेंगोळी खाल्ली. शेजारी पुन्हा रामराम घालू लागला आहे. परवा आबांचा निरोप आला, की बांधाच्या भुसभुशीत मातीत वळ उमटलेला दिसला. मुक्ता म्हणाली, नुसत्या वळावरून काही सांगता येत नाही. आबा म्हणाले, "तुला न्हाई येत. मला येतंय."

मुक्ताच्या मते हे सगळं नकाशामुळे झालं. असेलही. मी फक्त त्या खोलीत काय घडलं तेवढं सांगते.

कार्यालय कोणतं ते सांगणार नाही. मला तिथे पुन्हा जायचं आहे, चहा उत्तम असतो. मी लवकर जाऊन आवारात थांबले होते. बबनराव आले की त्यांना बाजूला घेऊन कुदळ द्यायची, असा माझा प्रामाणिक बेत होता. पण बबनराव माझ्याही आधी येऊन, नवा फलक चादरीत गुंडाळून, थेट आत जाऊन उभे राहिले होते. कुदळ गाडीत ठेवून द्यावी, तर परक्याची वस्तू, आणि आबांनी विश्वासाने दिलेली. म्हणून मी ती शालीत गुंडाळली आणि शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले, मांडीवर तान्हं बाळ घेतल्यासारखी.

मुक्ता छान बोलली. बाण दाखवले, कुठली बातमी छापून आल्यावर कुठल्या गावात खणलं ते दाखवलं, उकरलेल्या बांधांचे फोटो दाखवले. आबांचं म्हणणं नाव न घेता वाचून दाखवलं, "तेवढी पाटी काढाय सांग" इथपर्यंत.

मुख्य साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी सगळं नीट ऐकलं, आणि मग खुर्चीत मागे टेकले. "तुमचा नकाशा चांगला आहे. पण किंमत लिहिली म्हणजे गुन्ह्याचं गांभीर्य कळतं, यासाठी आपण ती लिहिली. बांध कुणीही खणतं, कशासाठीही खणतं. आपला फलक वाचून कुदळ घेऊन निघाला, असा एक तरी माणूस आहे का? एक दाखवा, मी आत्ता आकडा काढून टाकतो."

मुक्ताच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सर, नाव मी सांगू शकत नाही. तसा शब्द दिलाय."

"मग आम्ही मान्य कसं करायचं?"

मुक्ता आपल्या कागदांकडे पाहत होती. तिला उत्तर माहीत होतं, ते उत्तर भिंतीशी फलक धरून उभं होतं आणि पंख्याकडे बघत होतं. एक शब्द बोलली असती तर जिंकली असती. नाही बोलली. तीन दिवस मी गप्प बसले त्याचं मी एवढं कौतुक सांगितलं. पण खरं गप्प बसणं काय असतं ते मी त्या मिनिटात पाहिलं.

त्याच मिनिटात माझ्या मांडीवरून शाल सरकली. पुढे जे झालं ते पडली म्हणायचं की पाडली, यावर माझं आणि मुक्ताचं अजून एकमत झालेलं नाही. मी शब्द पाळला होता, तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, कुणाचं नाव घेतलं नव्हतं. कुदळ फरशीवर खणकन आदळली, गोल फिरली, आणि पिवळे-लाल पट्टे वर करून खोलीच्या बरोबर मधोमध थांबली. सगळे तिच्याकडे पाहू लागले.

आणि बबनरावांच्या हातून फलक सुटला. चेहरा असा उजळला, जणू हरवलेलं लेकरू जत्रेत सापडावं.

"आयला, घावली व्हय! दोनदा जाऊन त्यो आख्खा बांध हुडकला की म्या हिच्यापायी!"